हवालदार महिपतींच्या डोक्यावरची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी, काळी, पत्र्याची पेटी आहे, आणि माझ्या मनात सूड आहे.

सोलापुरात चांदसाब पत्रेवाल्यांनी मला घडवलं, ते मंद्रूपच्या सयाजी शिपायासाठी. त्यांच्यामागे मी त्यांच्या मुलाकडे, हवालदार महिपतींकडे आले. माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव आहे. वडिलांचं तेरावं उरकून महिपती पलटणीत एक दिवस उशिरा पोहोचले, म्हणून एका तरुण कॅप्टनने त्यांना मला डोक्यावर घेऊन दोन तास भर उन्हात उभं केलं. सगळी पलटण बघत होती. लाजेने मी त्या उन्हाहून जास्त तापले.

घरी हे ऐकून महिपतींच्या बायको मथुराबाई जेवल्या नाहीत. बारा वर्षांच्या मुलाला, अमृतला त्यांनी माझ्यासमोर उभं केलं आणि त्या साहेबाहून मोठं व्हायला सांगितलं. अमृतने ते मनावर घेतलं. तो लेफ्टनंट झाला, मेजर झाला, ब्रिगेडियर झाला, शेवटी जनरल झाला. प्रत्येक बढतीला घरी येऊन तो मला पुसायचा आणि विचारायचा, तो कॅप्टन भेटेल का गं? मीही वाटच बघत होते.

यंदाच्या मे महिन्यात तो कॅप्टन आमच्या दारात आला. आता म्हातारा झालेला, नातवाच्या बदलीसाठी जनरलसाहेबांचा शब्द मागायला. महिपतींना त्याने ओळखलंसुद्धा नाही! पण नाव ऐकताच अमृतने त्याला ओळखलं. अमृतने मला अंगणात आणलं.

"ही डोक्यावर घ्या. दोन तास उभे राहा. मग बदलीचं बोलू."

झाकणावरचं नाव वाचून म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. तो वाकला. मला इतका आनंद कधी झाला नव्हता. पण बाजेवरून ऐंशी वर्षांचे महिपती धडपडत उठले.

"ऱ्हाऊ द्या सायेब. मी घेतो की."

आणि त्यांनी मला आपल्या डोक्यावर घेतलं. पाय जुळवून ते ताठ उभे राहिले. अमृतने हात जोडले, ओरडून हुकूम केला, तरी ते हलेनात. अखेर तो म्हातारा रडत "विश्राम" म्हणाला, तेव्हा कुठे त्यांनी मला खाली ठेवलं.

"लेक जनरल झाला," मथुराबाई म्हणाल्या, "पर ह्यो मानूस अजून तितंच उनात हुबा हाय."

मित्रांनो, माझा गंज पुसला नाहीत तरी चालेल. पण ज्याच्यासाठी सूड घ्यायला निघाल, त्याला आधी हात धरून सावलीत आणा.