आधी पत्र, मग फोटो

मी एक जुना प्रोसेसर आहे. मित्रांनो, आपली जीवनकहाणी सांगायला बसलं की जो तो आपल्या कामगिरीचे गोडवे गातो. माझ्या नावावरही एक कामगिरी आहे, तिच्यासाठी एक चकचकीत ढालही मिळाली होती. पण ती ढाल आठवली की मला तोंड लपवायला जागा सापडत नाही.

आकाराने मी तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा. संगणकात जे जे चालतं, ते सारं माझ्याकडून होतं, आणि त्यासाठी मला वीज लागते. जास्त वीज प्यायलो की बॅटरी लवकर संपते आणि संगणक तव्यासारखा तापतो. म्हणून माझ्या तरुणपणी कंपन्यांनी वेगाचं वेड बाजूला ठेवून कमी वीज कोण पितो याची चढाओढ सुरू केली होती.

माझी कंपनी रस्त्याच्या एका बाजूला होती आणि तिची प्रतिस्पर्धी बरोबर समोर. दोन्हीकडची माणसं एकाच बसथांब्यावर उतरत आणि एकमेकांकडे न बघता आपापल्या फाटकात शिरत. अपवाद फक्त दोघींचा. त्या सख्ख्या बहिणी होत्या. आईने भरून दिलेले दोन डबे एकीच्याच पिशवीत असत. थांब्यावर उतरून डबे वाटून घेतले की थोरली डावीकडे आमच्या कंपनीत येई आणि धाकटी उजवीकडे समोरच्या कंपनीत जाई. मला घडवलं ते थोरलीने.

खरं सांगतो, तिने माझ्यासाठी रक्ताचं पाणी केलं. माझ्या आधीचा भाऊ बारा वॅट प्यायचा, मला तिने आठ महिने झटून नऊवर आणलं. ही कमाई खोटी नव्हती. तेवढ्यावर थांबलो असतो तर आज मान वर करून बोललो असतो. पण वार्षिक चाचणीला तीन आठवडे उरले असताना बातमी आली, की समोरच्यांचा प्रोसेसर सात वॅटवर चालतो. तो धाकटीने घडवला होता. आमच्या साहेबांनी थोरलीला बोलावलं.

"सातच्या खाली काहीतरी दाखवा," ते म्हणाले. "कसं ते मला सांगू नका."

आता त्या चाचणीविषयी सांगायला हवं. ती घेत मीटरवाले काका. दोन्ही कंपन्यांचा त्यांच्यावर विश्वास होता, कारण ते कुणाचा चहासुद्धा घेत नसत. तासभर संगणकाला ठरलेली कामं द्यायची आणि मीटरवरचा आकडा टिपायचा, अशी त्यांची रीत. आधी एक पत्र उघडायचं, मग तळ्यावरच्या पक्ष्यांचे वीस फोटो, मग गाणं, मग मोठा नकाशा. बारा वर्षांत हा क्रम त्यांनी एकदाही बदलला नव्हता. क्रम बदलला तर गेल्या वर्षीशी तुलना कशी करायची, असं ते विचारत, आणि त्यांचं काही अगदीच चुकत नव्हतं.

थोरलीने नेमकं तेच हेरलं. माझ्या अंगावर तिने एक छोटासा नियम कोरला. पत्र उघडलं आणि लगेच वीस फोटो आले, की ओळखायचं, काका आले! मग अर्धं अंग निजवायचं, चाल मंद करायची आणि तासभर गरीब गाईसारखं वागायचं. असं कोरलेलं पुन्हा पुसता येत नाही.

चाचणीत माझा आकडा आला सहा. काकांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि मला ढाल मिळाली. मला कुणी विचारून तो नियम कोरला नव्हता, हे खरं आहे. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मी फुलून गेलो होतो, हेही तितकंच खरं आहे. ती लाज माझी एकट्याची आहे, ती मला थोरलीवर ढकलता येणार नाही.

त्या दिवशी सर्वांत आधी धावत आली ती धाकटी. हरलेली असूनही तिने बहिणीला मिठी मारली.

"ताई, कसं केलंस ग? मला शिकव ना!"

"सांगेन कधीतरी," थोरली म्हणाली आणि ढाल पिशवीत घालू लागली.

धाकटीला कुठला धीर! तिने मला बसवलेला एक संगणक घरी आणला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडला आणि मीटर जोडून काकांची चाचणी पुन्हा पुन्हा घेऊ लागली. दरवेळी सहा. तिच्या वहीची पानं भरली, पण कोडं सुटेना. तिकडे तिच्या कंपनीत कुजबुज सुरू झाली होती. सहा वॅटचा बाजारात असताना आपला सात वॅटचा कशाला हवा? येत्या बुधवारी तो कायमचा बंद करायचा की नाही, हे ठरणार होतं. पाच वर्षांची तिची मेहनत. आणि ती बिचारी रोज माझ्यासमोर बसून म्हणे, "काय हुशार आहेस रे तू!" मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी तिने पुन्हा मीटर लावला. ती पत्र उघडणार, तोच शेंगा सोलत बसलेली आई म्हणाली, "आधी ते पक्ष्यांचे फोटो लाव ना. पत्र काय, ते नंतरही वाचता येईल. मला ते बघायला बरं वाटतं."

धाकटी हसली आणि तिने आधी फोटो लावले. नियमातलं पत्र आलंच नव्हतं, त्यामुळे मी नेहमीसारखा धावलो. मीटरवर नऊ उमटलं.

धाकटीचं हसू मावळलं. तिने पत्र आधी घेऊन पाहिलं, सहा. फोटो आधी घेतले, नऊ. तेवढ्यात थोरली ओले केस पुसत आत आली आणि दारातच थबकली.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "शिकवत का नव्हतीस, ते कळलं मला."

थोरलीने खुर्ची ओढली, पण ती बसली नाही. "कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. माझ्या तोंडून तुझं नाव जायचं नाही. तूच सांग. पण बुधवारच्या आत सांग."

"अगं, काय कुजबुजताय?" आईने विचारलं. "तो पांढरा पक्षी पुन्हा दाखव बघू."

सोमवारी दोन डबे एकाच पिशवीतून गेले, मंगळवारीही गेले. बुधवारी थांब्यावर उतरून थोरली रोजच्यासारखी डावीकडे वळली. दुपारी समोरच्या कंपनीत बैठक झाली. धाकटीचा प्रोसेसर बंद ठरला. त्याच्या नक्षीच्या ज्या काचांवरून तो छापायचा होता, त्या तिथल्या रीतीप्रमाणे त्याच दिवशी फोडून टाकल्या.

थोरलीने सांगितलं ते शुक्रवारी. काकांच्या टेबलासमोर उभी राहून, स्वतःच्या हाताने आधी फोटो लावून. ढाल परत गेली, तिची नोकरी गेली, माझ्या खोक्यांवरचा सहा खोडून नऊ छापला गेला. सगळं रीतसर झालं. फक्त काचा फुटल्या त्या फुटल्या.

आता मी एका प्रशिक्षण वर्गात असतो. तो वर्ग धाकटी चालवते. नव्या मुलांसमोर वर्षातून एकदा मला मीटर लावतात, आणि ते काम करायला थोरली स्वतः येते. आधी पत्र, मग फोटो. मी लगेच साळसूद होतो, सहा दाखवतो. मग क्रम बदलला की नऊ. मुलं पोट धरून हसतात.

"हे मी केलं होतं," थोरली सांगते.

यंदा एका मुलीने विचारलं, "बाई, सांगायचंच होतं, तर दोन दिवस आधी का नाही सांगितलंत?"

थोरलीने मीटर बंद केला. "भीती वाटली," ती म्हणाली. "घरातलंच माणूस आहे, सांभाळून घेईल, असं वाटलं. मी तिच्या चांगुलपणाचा फायदा घेतला."

मागे भिंतीला टेकून धाकटी उभी होती. हे तिने इतक्या वर्षांत प्रथमच ऐकलं असावं. ती पुढे आली, मीटरची वायर काढली आणि नीट गुंडाळली.

"ताई, चल," ती म्हणाली. "आई जेवायची थांबली असेल."

मित्रांनो, पाहुणे आले की शहाण्यासारखं बसायचं आणि ते गेले की धुडगूस घालायचा, हा नियम तुमच्याही अंगात थोडाफार असेल. पण तुमच्यावर तो कुणी कायमचा कोरलेला नाही, तुम्हाला तो पुसता येतो. तेवढी काळजी घ्या. आणि चूक कबूल करायची असेल तर बुधवारच्या आत करा. थोरलीने निदान तोंडाने चूक कबूल केली. माझ्यासमोर कुणी पत्र उघडून फोटो लावले, की मला आजही सहाच दाखवावे लागतात.