लग्नाच्या रुईची गादी

मी एक गादी आहे. हसू नका. गादी म्हटलं की लोकांना जांभया आणि दुपारची वामकुक्षी आठवते. हिला काय, नुसतं पडून राहायचं काम, असं त्यांना वाटतं. पण माझ्याइतकी अस्वस्थ वस्तू तुम्हाला अख्ख्या जळगावात सापडायची नाही. झोपेसाठी जन्माला यायचं आणि आपल्या अंगावर कुणाला झोपच लागू नये, यासारखी नामुष्की नाही. ती मी भोगली आहे, म्हणून बोलतेय.

मी एका शेतातली नाही. धरणगावच्या आसपासच्या नऊ हंगामांची कपाशी माझ्या पोटात आहे. धरणगावचे नूर महंमदभाई पिंजारी दरवर्षी जिनिंगमधून रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, आणायचे. त्यातली सगळ्यात पांढरी, लांब धाग्याची रुई ते बाजूला काढायचे आणि एका पोत्यात भरून माळ्यावर टाकायचे. घरात त्याला 'मिसबाहचं पोतं' म्हणत. मिसबाह म्हणजे त्यांची धाकटी. थोरली सबा, तिचंही असंच एक पोतं होतं. लग्नात त्याची गादी झाली आणि सबाबरोबर धुळ्याला गेली. मुलीला गादी देऊन सासरी धाडायची रीत कितीतरी घरांत आहे, पण पिंजाऱ्याच्या घरातून मुलगी गादीशिवाय गेली तर गाव काय म्हणेल!

म्हणजे माझं पुढचं सगळं ठरलेलंच होतं. फक्त वाट पाहायची. आणि तेच मला जमत नाही. पोत्याच्या भोकांतून मी थोडी थोडी बाहेर डोकवायचे, पंख्याच्या वाऱ्यावर घरभर फिरायचे, आणि मिसबाहची आई सलीमाबी झाडू घेऊन माझ्या मागे लागायची.

यंदाच्या मे महिन्यात अचानक माझं पोतं खाली उतरलं. मला वाटलं, हिचं लग्नच ठरलं. पोर तर नुकती नववी पास झालेली!

पण लग्नाचा विषय नव्हता. जळगावला, पिंप्राळ्याच्या बाजूला एक कॉलेज आहे. त्यांनी शाळेतल्या मुलींसाठी तीन आठवड्यांचं उन्हाळी कॉलेज काढलं होतं. राहायचं कॉलेजच्याच होस्टेलवर, शिकायचं कॉलेजच्याच प्रयोगशाळेत. मिसबाहची निवड झाली होती. सोबत काय काय आणायचं त्याची यादी आली होती : ताट, वाटी, पेला, बादली, उशी, चादर. आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'पलंग व गादी होस्टेलकडून मिळेल.'

नूर महंमदभाईंनी ती ओळ दोनदा वाचून घेतली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"पिंजारानी पोर परक्या गादीवर पाठ टेकी?" ते म्हणाले. त्यांचं आयुष्य धरणगावच्या बाजारात गेलेलं, त्यामुळे घरातही बोली खानदेशीच.

सलीमाबी म्हणाली, "अहो, देताहेत ना ते गादी! आणि लग्नाच्या रुईला कशाला हात लावता?"

त्यांनी ऐकलं नाही. मला पिंजायला घेतलं. आता इथे त्यांची जी चूक झाली ती पिंजाऱ्याकडूनच व्हावी अशी आहे. मुलगी घर सोडून निघते तेव्हा तिच्यासाठी गादी कशी भरायची, हे त्यांच्या हातांना एकाच प्रकारे ठाऊक होतं. एकट्या माणसाच्या साध्या गादीत सात-आठ किलो रुई पुरते. ते भरतच गेले. चौदा किलो! वरून लाल खोळ, तिच्यावर गुलाबी फुलं, आणि कडेला दुहेरी टाके. काठीनं मला झोडपून सारखी केली तेव्हा स्वतःच्या कामावर खूश होऊन ते बिडी ओढायला बाहेर गेले. मे महिना आहे आणि जळगावात बाहेर ऊन चव्वेचाळीसच्या वर आहे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

बुधवारी ओळखीच्या छोट्या हत्ती टेम्पोत मला टाकलं आणि आम्ही तिघं निघालो. वाटेत मिसबाह माझ्यावर हात ठेवून बसली होती. हाताला घाम होता. ती घराबाहेर फारशी कधी राहिली नव्हती. मागे एकदा आजोळी राहिली तेव्हा रात्र-रात्र जागी राहून आजारी पडली होती.

होस्टेलच्या दारात जिनं स्वागत केलं त्या ताईचं नाव प्रज्ञा. चोपड्याची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची. सुट्टीत घरी न जाता नव्या मुलींना सांभाळायला थांबलेली. तिनं कैरीचं पन्हं दिलं, खोलीच्या दारावर मिसबाहच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली दाखवली. सगळं कसं छान चाललं होतं. मग नूर महंमदभाई मला खांद्यावर घेऊन आत आले.

मिसबाहची खोलीतली जोडीदारीण कोकिळा पलंगावर पाय हलवत बसली होती. मला पाहून ती ताडकन उठली.

"ओ माय! हाई ते लगीननी गादी शे!"

पॅसेजमधल्या मुली धावत आल्या. सगळ्या हसल्या. प्रज्ञासुद्धा ओठ दाबून हसली, मी पाहिलं. मला पलंगावर टाकल्यावर तर मी इतकी उंच झाले की मिसबाहला माझ्यावर चढावंच लागलं. तिचं नाव कुणाला कळायच्या आत तिचं नाव पडलं, 'नवरी'. मला वाटलं, टाके तटातट तुटावेत आणि खिडकीतून उडून जावं.

नूर महंमदभाईंना यातलं काही कळलं नाही. होस्टेलची पातळ गादी त्यांनी स्वतः उचलून होस्टेलच्या द्रौपदाबाई मावशींच्या हवाली केली. जाताना मिसबाहला म्हणाले, "मी रविवारले येसू. गादीवर हात ठेवसू, माले समजी. झोप लागनी नसीन ते घर चाल. जठे झोप नही, तठे ऱ्हावानं नही."

ते थट्टेत बोलले नव्हते. पिंजाऱ्याच्या तळहाताला गादी सगळं सांगते. कोण किती झोपलं, कोणत्या कुशीवर झोपलं, हे त्यांना हात फिरवून कळतं. शब्दाचा पक्का माणूस. रविवारी मी कोरी निघाले असते तर पोर त्याच छोट्या हत्तीतून परत गेली असती.

आणि मी कोरीच राहिले. पहिल्या रात्री ती माझ्यावर अर्धा तास तळमळली. एक तर मी तव्यासारखी तापलेली. त्यात घरी ही पोर जमिनीवर सात जणांच्या रांगेत झोपणारी, इथे एकटी एवढ्या उंचावर. शेवटी तिनं मला गुंडाळलं, ओढणीनं आवळून बांधलं आणि दारामागे उभं केलं. पलंगाच्या उघड्या फळीवर पडून राहिली. मावशींकडे पातळ गादी परत मागायची तिला लाज वाटली. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. हिच्याकडे ढीगभर अंथरूण होतं आणि पाय पोटाशी घेतलेले होते. गुरुवारी तेच, शुक्रवारी तेच. मी दारामागे उभी. एवढा राग मला जन्मात कधी आला नव्हता, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं.

पण गुरुवारी एक गोष्ट घडली. वर्गातून धावत येऊन तिनं माझी शिवण नखानं थोडी उसवली आणि चिमूटभर रुई काढून नेली. दोन तासांनी परतली ती वेगळीच पोर.

"कोकिळा, सूक्ष्मदर्शकाखाली बघितलीस तू रुई? मी बघितली! आमची रुई! धागा गोल नसतोच मुळी. चपटी फीत असते, पीळ दिलेली. अब्बांनी इतकी वर्षं पिंजली आणि त्यांनाही माहीत नाही!"

त्या दिवशी मला कळलं की हिला इथंच राहायचं आहे. कितीही हसोत, काहीही नाव ठेवोत. पण वर्गात तिला डुलक्या लागायला लागल्या होत्या, डोळे लाल झाले होते, आणि रविवार काही कुणासाठी थांबत नाही.

शनिवारी जेवणानंतर प्रज्ञा खोलीत आली. दुपारी एक ते चार उन्हामुळे कुणी बाहेर पडायचं नाही, असा होस्टेलचा नियम होता.

"तू झोपत नाहीस," ती म्हणाली. "फळीवर पडतेस. कोकिळानं सांगितलं."

मिसबाहनं मान खाली घातली आणि रविवारची अट सांगून टाकली. प्रज्ञा तिच्याशेजारी फळीवर बसली. मग म्हणाली, "त्या दिवशी मीपण हसले. तुमचं स्वागत करायचं काम माझं, आणि मीच हसले. चुकलं माझं."

कोकिळा कोपऱ्यात नखं कुरतडत होती. तिची बडबड एकदम सुरू झाली. "ताई, सोपं शे ना! आपण बठ्ठ्या, सगळ्या जणी हिच्या गादीवर बसू. नाचू. दाबू. खड्डा पडेल! हिच्या अब्बांना काय कळतंय!"

लबाडी होती, पण मला बाई ती आवडली. कुणीतरी बसणार तरी होतं! मला ओढत पॅसेजमध्ये नेलं, फरशीवर अंथरलं. तिथं कूलर होता, द्रौपदाबाई मावशींनी त्यात बादलीनं पाणी ओतलं. दहा मुली माझ्यावर चढल्या. त्या लोळल्या, त्यांनी उड्या मारल्या, भेंड्या खेळल्या, केळ्याचे वेफर सांडले. कोकिळा सारखी सांगत होती, "अरे, मधे बसा, मधे! खड्डा मधे पाहिजे!"

त्या गोंधळात मिसबाह एका कडेला टेकली. कुणाचा पाय तिच्या पाठीला लागलेला, कोकिळाचं कोपर तिच्या मानेशी, कानाशी दहा जणींचा कलकलाट. आणि ती झोपली! चांगली घोरायला लागली. मी श्वास रोखून धरला. सगळ्या मुली हळूच गप्प होऊ लागल्या तशी ती चाळवली. मग प्रज्ञानं हातानं खूण केली, बोला, बोलत राहा. चार वाजेपर्यंत त्या पोरी तिच्यासाठी बोलत राहिल्या. 'नवरी' हा शब्द मात्र कुणी काढला नाही.

रविवारी द्रौपदाबाई मावशींची आरोळी आली, "पोरीहो, माणूस ई राह्यना वं!" ओढण्या सावरल्या गेल्या. नूर महंमदभाई पॅसेजमध्ये आले. मी तिथंच पसरलेली होते. त्यांनी चपला काढल्या, उकिडवे बसले आणि माझ्यावर तळहात ठेवला.

दहा मुली भिंतीला टेकून उभ्या. त्यांचा हात हळूहळू फिरला. मधे थांबला, कडेला गेला, परत मधे आला. माझ्याकडून त्यांना खोटं सांगवेना. ज्यांनी मला भरलं त्यांच्यापासून काय लपवणार?

"हाई एक पोरनं काम नही," ते म्हणाले. "आठ-दहा जणी बठेल शेतस."

कोकिळानं डोळे गच्च मिटले. मिसबाह पुढे आली.

"अब्बा, तीन रात्री मी झोपले नाही. गादी गुंडाळून ठेवली होती. लग्नाची आहे म्हणून सगळ्या हसल्या, आणि गरम पण फार होते. काल दुपारी झोपले, रात्रीही झोपले. इथेच, ह्यांच्यात. आज रात्रीही इथेच झोपेन. मला घरी नेऊ नका."

 माझ्या कडेला, जिथं ती झोपली होती, तिथं नूर महंमदभाईंनी पुन्हा हात नेला. तेवढीच एक जागा होती, लहानशी, पण खोल. अंगठा तिथं रुतला.

मग ते मावशींकडे वळले. "अक्का, कैची शे का?"

मुलींना वाटलं, आता काहीतरी भयंकर होणार. मलाही वाटलं. त्यांनी माझी शिवण एका बाजूनं कापली आणि आतून रुई काढायला सुरुवात केली. ओंजळीमागून ओंजळ. दुखलं का म्हणाल, तर नाही. पहिल्यांदाच मला श्वास घेता आला.

"मना हात चुकना, बेटा," ते खालमानेनं म्हणाले. "लगीननी भरी दिनी. तू शिकाले उनी शे."

अर्धी रुई निघाली. मावशींनी जुनी चादर दिली, तिच्यात गाठोडं बांधलं. उरलेल्या मला त्यांनी तिथंच टाके घातले. मी पातळ झाले, हलकी झाले, आणि खोलीत नेल्यावर पलंगावर एकदम मापात बसले.

गाठोडं उचलताना ते म्हणाले, "हाई लगीनले ठेवस."

मिसबाहनं गाठोड्यावर हात ठेवला. "ठेवा, अब्बा. पण त्याआधी अकरावीला लागेल. अकरावीला मला इथंच यायचंय."

 बापानं मुलीकडे पाहिलं नाही. गाठोडं खाली ठेवलं आणि प्रज्ञाला विचारलं, "बेटा, अकरावीना पलंग बी एवढाच ऱ्हास का?"

"एवढाच असतो, काका."

तेव्हा नूर महंमदभाई खोलीत पलंगापाशी गेले आणि वितीनं तो मोजू लागले. लांबी मोजली, रुंदी मोजली. आकडा विसरू नये म्हणून ओठांत पुटपुटत राहिले.

आता उन्हाळी कॉलेजचे शेवटचे चार दिवस उरले आहेत. माझ्या खोळीवर पन्ह्याचा डाग आहे, एका कोपऱ्यात शाई सांडली आहे. दुपारी दहा जणी अजूनही माझ्यावर पडतात आणि माझा भुगा करतात. माझी अर्धी रुई धरणगावच्या माळ्यावर आहे, तिचं काय चाललं असेल या विचारानं माझा जीव थाऱ्यावर नसतो. तुम्हाला एवढंच सांगते : तुमच्या होस्टेलवर कुणी मुलगी भलतंच काही घेऊन आली तर हसा, हसू आवरत नसेल तर हसा, पण लगेच सरकून तिला मधे जागा द्या. आणि नूर महंमदभाई, तुम्हाला माझं एकच मागणं आहे. माळ्यावरच्या रुईला हात घालाल तेव्हा ते अकरावीच्या पलंगाचं वितीचं माप लक्षात ठेवून भरा.