दंडारीतली दुसरी बाई

उमरेडजवळच्या एका खेड्यात चंपतरावांची दंडार, म्हणजे सोंगं घेऊन नाचणारी लोकनाट्याची मंडळी होती. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरली की ही मंडळी नाचायला निघत. ढोलकीवर नत्थूजी आणि लुगडं नेसून, घुंगरू बांधून बाईच्या सोंगात चंपतराव. दंडारीत बायकांची सोंगं पुरुषच घेत. चंपतरावांनी गिरकी घेतली की दुकानदारही गिऱ्हाईक सोडून बघत राहत.

त्यांची मुलगी दामिनी तालमीला कोपऱ्यात बसून सगळं आपसूक शिकली होती. एका दिवाळीत दुसऱ्या बाईचं सोंग घेणारा गडी तापानं पडला. सगळे काळजीत असताना दामिनी उठली. "बाबा, मी नाचू का? मले सगळं येते." तिनं तिथंच नाचून दाखवलं.

नत्थूजींची ढोलकी थांबली. मग चंपतराव म्हणाले, "तुले ताल समजत नाही वं. नाच तुह्या अंगातच नाही. घरी जाय."

ती गेली. पुन्हा कधी नाचली नाही. शाळेच्या गॅदरिंगला पडदा ओढायचं काम मागून घ्यायची. स्वतःच्या हळदीत मैत्रिणी ओढत होत्या, तरी "मले नाही येत" म्हणत खुर्ची घट्ट धरून बसली.

आता ती नागपूरला प्रताप नगरात राहते आणि रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. यंदा नागपूरच्या एका मंडळानं दंडारीला बोलावलं, म्हणून चंपतराव आणि नत्थूजी तिच्याकडे उतरले होते. दुसरं सोंग घेणारा पुण्याला कामाला गेलेला. चहा पिता पिता त्याचीच चर्चा चालू होती.

"हे पोरगी दंडारीत असती तं काय पाहिजे होतं!" नत्थूजी सहज बोलून गेले. "त्या दिवशी तू तालमीतून घरी गेल्यावर तुहा बापच म्हणे वं, ही माह्यापेक्षा सरस नाचते म्हणून."

दामिनीनं हातातला कप खाली ठेवला. "बाबा?"

चंपतराव खाली बघत होते. "खरं हाय ते."

"मंग मले तसं काहून सांगतलं?"

"लोक शिट्या मारत, पदराले हात घालत. मी लुगडं फेडलं की सुटलो. तुही सुटका झाली नसती, पोरी. मले भेव वाटलं."

"मंग भेवच सांगायचं ना. मी रडली असती, अन् राहू देलं असतं. तुमी तं मले येतच नाही म्हटलं. मी तेच खरं धरून चालली."

नत्थूजींनी वातावरण हलकं करायला टेबलावर बोटांनी ठेका धरला. "अजून काय बिघडलं? उठ वं."

दामिनी उठली. पदर खोचून तिनं हात वर नेले, पहिलं पाऊल टाकलं आणि थबकली.

"काय झालं?" चंपतरावांनी विचारलं.

"मी तुमच्या तोंडाकडंच पाहून राहिली, बाबा. बरोबर हाय का चूक, ते पाहाले." ती थोडी हसली आणि कप उचलून स्वयंपाकघरात गेली.

कार्यक्रमाला दंडारीत एकच बाई होती. दामिनी आपल्या लेकीला, वेदिकाला घेऊन पुढच्या रांगेत बसली होती. चंपतरावांचा गुडघा दुखत होता, तरी ते शेवटपर्यंत नाचले. टाळ्या पडल्या. त्यांना मात्र सारखी बाजूची रिकामी जागा दिसत होती.

नंतर दामिनी मागच्या खोलीत आली. त्यांना स्टुलावर बसवून खोबरेल तेलानं त्यांच्या गालावरचा रंग पुसू लागली.

"त्या दिवशी तुह्यासारखी गिरकी कोणी घेतली नव्हती," चंपतराव म्हणाले. "मी बी नाही."

तिनं बोटांवर आणखी तेल घेतलं.

"डोळे मिटा," ती म्हणाली. "तेल जाईन."

त्यांनी डोळे मिटले.