संमतीचे विषय

सेंट ऑबिन या बंदराच्या गावात, नगरपालिकेच्या सभागृहात व्हर्ना लॅडनर पहिल्या रांगेत जाऊन बसली, तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. चर्चला जायचा निळा ड्रेस तिने घातला होता. आपल्याला विचारतील तेव्हा काय सांगायचं, ते ती मनातल्या मनात घोळवत होती. सांगायचं होतं एका कुंपणाबद्दल.

बंदराच्या सुरक्षेसाठी वॉशिंग्टनहून निधी येत होता. गोदीभोवती उंच कुंपण, कॅमेरे, आणि आत जायला केंद्र सरकारचं ओळखपत्र. गाव खुशीत होतं. फुकटचं कुंपण कोणाला नको असतं? पण नकाशावरची रेघ कोळंबीची जाळी दुरुस्त करायच्या शेडला आत घेत होती, आणि त्या शेडमध्ये व्हर्नाचा धाकटा भाऊ रॉयस काम करत होता. तो एकोणीस वर्षांचा असताना मित्रांनी पेट्रोल पंप लुटला, तेव्हा गाडी याने चालवली होती. आता हाताला काम असलंच पाहिजे या अटीवर तो पॅरोलवर सुटून आला होता, आणि त्या जुन्या गुन्ह्यापायी ओळखपत्र त्याला नाकारून झालं होतं. काम सुटलं की पॅरोल मोडला, पॅरोल मोडला की परत आत. दुसरीकडे कोणी दारात उभं करत नव्हतं. सगळं गाव पालथं घालून झालं होतं.

"परत आत नाही जायचा मी, ताई," भांडी विसळता विसळता तो म्हणाला होता. "त्यापेक्षा खाडीवरचा पूल जवळ आहे."

आणि हसला होता. आईच्या माघारी व्हर्नानेच त्याला लहानाचा मोठा केला होता. त्याचं कुठलं हसू खरं आणि कुठलं खोटं, हे तिला चांगलं कळत होतं. तेव्हापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

म्हणून चर्चच्या तळलेल्या माशांच्या जेवणात तिने नगरसेवक नेकेज यांना गाठलं. त्यांच्या एका हातात ताटली, दुसऱ्या हातात मक्याचा पाव, आणि चहूबाजूंनी लोक हाका मारताहेत. मंगळवारी त्या कुंपणाचं काय होणार, असं तिने विचारलं. नेकेजसाहेबांनी अर्ध्या कानाने ऐकलं. त्यांना वाटलं, सगळ्या गोदीसारखी हिलाही कुंपणाची घाई झाली आहे.

"अगदी निर्धास्त राहा, मिस व्हर्ना," गावात थोरल्या बायकांना म्हणतात तसं 'मिस' लावून ते म्हणाले. "तो विषय संमतीच्या यादीत घातलाय."

संमती हा शब्द व्हर्नाच्या ओळखीचा होता. नवऱ्याच्या ऑपरेशनच्या आधी इस्पितळात तिची संमती घेतली होती. डॉक्टर शेजारी बसला होता, त्याने सगळं समजावून सांगितलं होतं, आणि ती हो म्हणेपर्यंत कोणी सुरीला हात लावला नव्हता. म्हणजे इथेही विचारतील. मग ती सांगेल, बाबांनो, तुमचं कुंपण तुम्हाला लखलाभ, फक्त आमची शेड बाहेर ठेवा. कित्येक दिवसांत पहिल्यांदा ती त्या रात्री शांत झोपली.

बैठक सुरू झाली. प्रार्थना झाली, झेंड्याला वंदन झालं. महापौरबाईंनी चष्मा चढवला आणि संमतीच्या यादीतले विषय चार ते अकरा पुकारले. कोणा सदस्याला एखादा विषय बाजूला काढायचाय का? कोणाला नव्हता काढायचा. सगळे बाजूने? सगळे बाजूने. बोटींना फादर आशीर्वाद देतात त्या उत्सवाची परवानगीही यातच आली, असं बाईंनी हसून सांगितलं, तेव्हा मागे बसलेल्या कोळ्यांच्या घरच्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. व्हर्नानेही वाजवल्या. लहानपणी रॉयस त्या दिवशी बोटींवर पताका बांधायचा.

मग ती वाट बघत बसली. गटारांचा विषय झाला, भटक्या कुत्र्यांचा झाला. शेवटी नागरिकांना बोलायची मुभा मिळाली, तेव्हा ती उठून माइकपाशी गेली आणि कुंपणाचा विषय कधी येणार, असं तिने विचारलं.

"तो मंजूर झाला, मिस व्हर्ना," महापौरबाई म्हणाल्या. "मघाशी, संमतीच्या यादीत."

"पण मला कोणी विचारलंच नाही."

बाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितलं, की ज्याला कोणाची हरकत नसते असे विषय एकदमच उरकतात, त्यालाच संमतीची यादी म्हणतात. बाजूला काढायला सदस्याने सांगावं लागतं. आता नकाशा बदलायचा तर निधी परत जाईल. नेकेजसाहेब मान खाली घालून समोरचा कागद पुन्हा पुन्हा सरळ करत होते. त्यांना आता कुठे उमगलं होतं.

"माझा भाऊ मरेल हो," व्हर्ना माइकमध्ये म्हणाली. मग तिची वेळ संपल्याची घंटी वाजली, आणि चिटणिसाने पुढचं नाव पुकारलं.

रॉयस बाहेर पिकअपमध्ये बसून होता. नगरपालिकेच्या दाराशी पोलीस असतो, म्हणून तो आत आला नव्हता. तिला बघताच त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तो हसत होता, आणि हे हसू खरं होतं.

"टाळ्या इथवर ऐकू आल्या, ताई. केलंस ना काम? मला वाटलंच होतं."

व्हर्ना त्याच्या बाजूच्या दाराशी गेली आणि ते उघडून तिने हात पुढे केला.

"चाव्या दे."

"काय झालं?"

"दे म्हणते ना. आज गाडी मी चालवणार."

"तू? घरापर्यंत, पुलावरून?" तो हसायलाच लागला. "जन्मात कधी त्या पुलावर गाडी घातली नाहीस. डोळे मिटून घेतेस शेजारी बसून."

तरी त्याने चाव्या दिल्या. तिने त्या मुठीत घट्ट धरल्या, त्याला पलीकडे सरकायला लावलं, आत बसून दार लावलं, आणि मगच त्याच्याकडे पाहिलं.

"त्या टाळ्यांत मीपण होते रे," ती म्हणाली.