सेकंदाला साठ

बल्गेरियातल्या सेव्हलिएव्हो गावाच्या वाचनगृहात दर शनिवारी मी मुलांना संगणकावरचे खेळ बनवायला शिकवते. त्याआधी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. त्या वर्षी स्पर्धेसाठी कामेन आणि नेव्याना यांनी मिळून एक खेळ रचला. पडद्यावर एक मुलगी राचेनित्सा हा आमच्याकडचा लोकनाच नाचते; तिचं पाऊल ढोलाच्या ठोक्यावर पडतं, तेव्हा खेळणाऱ्यानं कळ दाबायची. प्रोग्राम कामेनचा, ढोल नेव्यानाचा. बारा वर्षांची पोर, तुपान, म्हणजे आमच्याकडचा मोठा ढोल, गळ्यात अडकवला की त्याच्यामागे निम्मी दिसेनाशी व्हायची. पण आजोबांच्या हाताखाली तयार झालेली. एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन. दोन मिनिटं खंड नाही.

घोटाळा असा, की सुरुवातीला जुळणारं पाऊल मिनिटभरात ढोलाच्या अडीच सेकंद पुढे जायचं.

"ही मागे पडते, बाई," कामेन म्हणाला. "हात भरून येतात हिचे."

"मी मागे पडत असते ना, तर मामाच्या लग्नात नाचणारे सगळे एकमेकांवर आपटले असते."

"सगळे प्यायलेले होते गं. त्यांना काय कळतंय!"

मी हसले. हसायला नको होतं.

कामेननं एक तयार लायब्ररी घेतली होती, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला प्रोग्राम. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रं दाखवायची, हे तिचं काम. ती चित्रं मोजून कामेन पडद्यावरच्या मुलीला पाऊल टाकायला लावायचा. "यंत्र दमत नाही, बाळ, हात दमतो," मी नेव्यानाला समजावलं. "पुन्हा वाजव बघू." तिनं तीन शनिवार वाजवलं. तिन्ही वेळा अडीच सेकंद. दमलेला हात दर वेळी नेमका तेवढाच कसा दमेल, हे गणिताच्या बाईंना सुचलं नाही.

चौथ्या शनिवारी ती आली तेव्हा कामेननं खेळात संगणकी ढोल बसवला होता आणि स्पर्धेच्या अर्जावरून तिचं नाव काढलं होतं. खाली माझी सही होती. तिनं अर्ज वाचला. कामेनकडे पाहिलंसुद्धा नाही, माझ्याकडे पाहिलं. मग तुपान उचलून निघून गेली.

कामेननं खेळ सुरू केला. अडीच सेकंद.

"हा पण दमला का रे?" मी विचारलं.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं, ते आम्ही केलं: घड्याळ लावून मिनिटभर चित्रं मोजली. छत्तीसशे हवी होती, निघाली साडेसदतीसशे. एका चित्राच्या वाट्याला सेकंदाचे सोळा सहस्रांश आणि वर दोन तृतीयांश येतात. लायब्ररी ते वरचे दोन तृतीयांश सोडून द्यायची आणि सोळावरच पुढचं चित्र काढायची. आम्ही तिला साठ सांगितले होते. खरंच किती काढतेस, असं कुणी विचारलंच नव्हतं.

दुरुस्ती दहा मिनिटांची निघाली. चित्रं मोजायची नाहीत. ढोल कुठवर वाजला ते पाहून पाऊल टाकायचं. नेव्यानाचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं. शेवटच्या ठोक्यापर्यंत एकही पाऊल चुकलं नाही.

तसेच तिच्या घरी गेलो. अंगणात ती आईबरोबर मिरच्या भाजत होती. कामेननं बाकावर संगणक उघडला आणि सगळं सांगितलं. हात पुसून तिनं पूर्ण दोन मिनिटं खेळ पाहिला.

"मोजायला किती वेळ लागला?" तिनं विचारलं.

"एक मिनिट," कामेन पुटपुटला.

"चूक माझी आहे, नेव्याना," मी म्हणाले. "तुझं नाव पहिलं लिहू. अर्ज सोमवारी जायचाय."

"कामेन भांडतो, ते चालतं बाई. तो पहिलीपासून भांडतोय." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही वर्गात म्हणता, पडताळा घेतल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारायची नाही. माझ्या नावावर मारलीत."

तिची आई मिरच्या उलटत राहिली.

"माझा ढोल काढून टाक," ती कामेनला म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर."

"अगं, आता तर जुळतोय..."

"माहीत आहे. तो आधीही जुळतच होता."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून काढायला सांगितलं. फाइल पुसली जाईपर्यंत ती बाकाशी उभी राहिली आणि मग भट्टीकडे परतली. तिच्या आईनं कागदात गरम मिरच्या बांधून माझ्या हातात दिल्या. नको म्हणायचं माझं धाडस झालं नाही.