गेन दहावर

“काका, शिट्टी वाजतेय.”

“कुठली शिट्टी?”

“अरे, तुझ्या नाकासमोर! बारीक, सुईसारखी! कान किटले माझे!”

काका उघड्या अ‍ॅम्पवर आणखी वाकला. आतले काचेचे व्हॉल्व्ह नारिंगी उजेडात तापत होते, आवाज पेटवणारं गेनचं बटण शेवटच्या दहावर होतं, आणि पुतणी गिटारच्या तारांवर पंजा दाबून, तोंड वाकडं करून बसली होती. काकाला ऐकू येत होता तो फक्त डोक्यावरचा पंखा.

या माणसाची कीर्ती काय सांगावी! गिटारचा आवाज शहाण्या मुलासारखा सरळ बाहेर सोडणारा जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प त्याच्या टेबलावर चढायचा आणि उतरताना वाघ होऊन उतरायचा. एखादा व्हॉल्व्ह वाढवायचा, आतले काही भाग बदलायचे आणि गेनचं बटण पिळायचं, की समोरची इस्त्रीवाली खिडकी आपटून शिव्या घालायची. तिच्या शिव्या म्हणजे काम फत्ते.

फक्त एका अ‍ॅम्पला त्याने कधी हात लावला नव्हता. तो होता दादाचा, थोरल्या भावाचा. “तू सगळ्यांना बोंबलायला शिकवतोस. माझा डबा सोड,” दादा दम द्यायचा आणि त्या डब्यातून असं मऊ वाजवायचा, की काका हातातलं काम ठेवून ऐकत बसायचा. दादा गेला तेव्हापासून डबा कपाटावर झाकून ठेवलेला. मग एक दिवस दादाची लेक गिटार पाठीवर टाकून दारात उभी. “कार्यक्रमाला मला बाबांचाच अ‍ॅम्प हवाय. पण वाघ करून!”

काका आधी नाही म्हणाला. मग त्याचेच हात शिवशिवले. पत्र्याला नवं भोक पाडलं, दादाच्या वेळचे भाग उपटले. उपटताना त्यांचे पाय मोडले, म्हणजे आता ते परत बसणं नव्हतं. पण काम असं देखणं झालं होतं, की सकाळपासून तो स्वतःवरच खूश होता.

“तुझी गिटारच खराब असेल,” तो म्हणाला आणि एकदम थांबला.

हेच वाक्य परवा टोपीवाल्या गिऱ्हाइकाला ऐकवलं होतं. त्याच्याआधी ढोल्याला. दोघंही शिट्टीची तक्रार घेऊन आले होते, आणि दोघांनाही त्याने हसत हसत कानाचा डॉक्टर गाठायला सांगितलं होतं.

शिट्टीवरचं औषध त्याला पाठ होतं. गेन वाढवला, की आत येणारी तार आणि बाहेर जाणारी तार नुसत्या शेजारी आल्या तरी भांडायला लागतात. लाकडी काडीने त्यांना एकमेकींपासून दूर करत जायचं आणि शिट्टी थांबेल तिथे सोडायचं. सगळा कानाचा खेळ. त्याने काडी उचलली आणि डावा हात खिशात घातला. चालू अ‍ॅम्पमध्ये एकच हात घालायचा. दोन्ही घातले, तर वीज काळजातून जाते. उस्तादाने पाठीत धपाटा घालून लावलेली सवय ती.

“सांगत राहा. आता?”

“वाढली.”

“आता?”

“आई गं! अजून वाढली!”

“इथे?”

“कमी झाली... नाही, आली परत.”

आंधळ्याने सुईत दोरा ओवावा तशी काडी फिरत राहिली. घाम नाकाच्या शेंड्यावर आला. पोरीची थट्टा हळूहळू आटत गेली.

“काका, तुला खरंच ऐकू येत नाहीये?”

“पंखा बंद कर.”

तिने पंखा बंद केला. आता काकाला काहीच ऐकू येईना.

“आता?” त्याने मान वर न करता विचारलं. “आता? सांग की!”

ती गिटार सावरत पुढे सरकली. मग एकदम ओरडली, “गेली! गेली, काका! एकदम साफ! मानलं बुवा तुला!”

काकाने मान वर केली. गेनचं बटण तीनवर होतं.

तिचा हात अजून तिथून पुरता निघाला नव्हता. तो तिने झटकन गिटारवर नेला आणि वाजवलं. वाघ नव्हता. दादाचा मऊपणाही नव्हता. मधलंच, कुणाचंच नसलेलं काहीतरी.

“छान झालंय ना?”

“झालंय की. ने.” त्याने अ‍ॅम्प बंद केला. “फक्त दहावर नेऊ नकोस.”

“नाही नेणार,” ती म्हणाली आणि त्याच्याकडे न बघता गिटार पिशवीत भरू लागली.

अ‍ॅम्प घेऊन तिची गाडी वळते न वळते, तोच टोपीवाला दारात. “मास्तर, माझ्या शिट्टीचं काय केलंत?”

“तुमचा अ‍ॅम्प कोपऱ्यात ठेवलाय बघा. दुसरीकडे दाखवा.”

“चेष्टा करता काय? हे काम करणारा दुसरा आहे कोण?”

काकाने काडी पुसून खणात ठेवली. टेबल मोकळं होतं, भिंतीवरचं बटण बंद होतं. तरी त्याचा डावा हात खिशातच होता.