बारावी मूठ

कमलबाईने गव्हाच्या पोत्यात हात घातला आणि बारावी मूठ सुपात टाकली. समोर खाटेवर बसून झुलाल आबा बोटांवर मोजत होते. त्यांचं मोजणं अकरावरच संपलं होतं.

उद्या घरात कानबाई देवी बसायची होती, तिच्या रोटाचे, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू आज दळायचे होते. घरात पुरुष जितके, तितक्या मुठी, हा पहूरच्या या भाऊबंदांचा वाडवडिलांपासूनचा नेम. आबा, त्यांची चार मुलं आणि सहा नातू, झाले अकरा. कमलबाईचा ज्ञानेश्वर असताना बारा व्हायचे. तो सरहद्दीवरच्या बर्फात गेला त्याला दोन वर्षं होऊन गेली होती, आणि गेलेल्या माणसाची मूठ टाकत नाहीत.

“हाई मूठ कोनी?” आबांनी विचारलं.

“सुकानी.”

आबा तिचे जेठ, वारलेल्या नवऱ्याचे थोरले भाऊ. चाळीस वर्षांत तिने त्यांना उलट उत्तर दिलं नव्हतं. आजही डोक्यावरचा पदर जागचा हलला नव्हता, पण आवाज ओसरीपर्यंत ऐकू जाईल असा होता.

ओसरीत खुद्द सुका बसला होता. ज्ञानेश्वरच्या तुकडीतला जवान, सातपुड्याच्या पायथ्याचा, काटक, बोलायला कंजूष. बर्फाची दरड कोसळली तेव्हा ज्ञानेश्वरला उकरून काढून, पाठीला बांधून, तो पाच तास चालला होता. खाली पोचेपर्यंत ज्ञानेश्वर उरला नव्हता आणि सुकाच्या डाव्या हाताची तीन बोटंही उरली नव्हती. तरी गड्याने नोकरी सोडली नाही. आता तो नव्या जवानांना बर्फात चालायला शिकवायचा. कमलबाईने फोन करकरून बोलावलं, तेव्हा कुठे तो पहिल्यांदा आला होता.

सकाळी स्टँडवर गावाने त्याचं दणक्यात स्वागत केलं होतं. हार झाले, ताशा झाला, सरपंचांचं लांबलचक भाषणही झालं. आबा स्वतः जुने हवालदार, अठ्ठ्याहत्तरीतही ताठ. त्यांनी हार घातला नाही की दोन शब्द बोलले नाहीत. पाय जुळवून त्याला कडक सलाम केला, आणि त्या सलामात खोट नव्हती. पण सलाम वेगळा आणि रोट वेगळा. रोट भाऊबंदांच्या बाहेर गेला तर कानबाई कोपते, घराला भोवतं, हे आबांनी आईच्या मांडीवर बसून ऐकलं होतं. पोराला पुरणपोळी वाढ, धोतरजोडी दे, माझा बैल मागितला तरी दे, पण रोट नको, असं त्यांनी तिला परोपरीने सांगितलं.

कमलबाईने ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, “तो मना ज्ञानूले पाठवर लई उना, आबा. तेले रोट देनं चालत नसी तर यंदा मना रोट येगळा.”

वेगळा रोट म्हणजे वेगळं घर. एकट्या बाईने भाऊबंद तोडून राहायचं म्हणजे काय, हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि ती बोलून बसली होती. आबांचा चेहरा उतरला. तोंडातून मात्र हो निघेना.

तेवढ्यात सुका उठून दारात आला.

“माय, भांडू नका. तो रोट मी खाल्लेला आहे.”

ज्ञानेश्वर शेवटच्या सुट्टीवरून परतला, तेव्हा आईने बांधून दिलेला रोट त्याच्या पिशवीत होता. चौकीवर त्याने तो मोडून सुकापुढे धरला. महिन्याभरात दरड कोसळली. पुढे दवाखान्यात शेजारच्या खाटेवर धुळ्याकडचा एक जवान होता. बाहेरच्याने हा रोट खायचा नसतो, हे त्याच्याकडून सुकाला कळलं.

“तेव्हापासून मनात आहे,” तो म्हणाला. “तुम्ही बोलवायच्या, मी टाळायचो. कोणत्या तोंडानं येऊ?”

क्षणभर कमलबाईच्याही मनात पाल चुकचुकली. ज्ञानू गेला त्याचं हेच कारण असेल का? मग तिला स्वतःचीच शरम वाटली. पाच तास पाठीवर ओझं घेऊन चाललेला हा पोरगा पुढची दोन वर्षं हेही ओझं एकटाच वाहत होता, आणि विचारायला कुणी नव्हतं.

आबा खाटेवरून उठले. सुकाच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले.

“ज्ञानूनी सोता दिन्हा का तुले?”

“हो. मोठा तुकडा मला दिला.”

आबांनी मान हलवली. सुका खाली बघत होता.

“घरना मानूसनी वाटा काढी दिन्हा,” ते म्हणाले, “मंग तू तवयपासून भाऊबंदच शे.”

मग ते कमलबाईकडे वळले. आवाज हवालदाराचाच होता.

“मांगला दोन साल सुकानी मूठ आपन टाकी नही, कमल. चूक आपली शे. त्या दोन बी टाक.”

कमलबाईने दोन मुठी भरल्या, बोटांतून दाणे सांडतील इतक्या गच्च. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही. सुपातले गहू डब्यात ओतले, डबा सुकाच्या हातात दिला, आणि गिरणी बंद व्हायच्या आत दळून आण, म्हणून त्याला पिटाळलं.